समाजशास्त्र कशासाठी?

बेंगळूरु नगराच्या पूर्वेस के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, हे ठिकाण आहे. येथील रेल्वेस्थानकावर सकाळच्या वेळी उभे राहिले की माणसांचा लोंढा म्हणजे काय, याची कल्पना येते. मारिकुप्पम आणि बंगारपेटकडून आलेल्या गाड्या फलाटाला लागतात. डब्यांतून स्त्री-पुरुष उतरतात. कोणाच्या हाती जेवणाचा डबा असतो, कोणाच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी असते, तर कोणाच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असते. काही जण मेट्रोकडे धाव घेतात, काही टिन फॅक्टरीच्या थांब्यावर बसची वाट पाहतात आणि काही पायीच चालू लागतात. संध्याकाळी हाच लोंढा उलट दिशेने परत जातो.

हे दृश्य रोजचे आहे, आणि जे रोज दिसते त्याविषयी माणसाला सहसा प्रश्न पडत नाही. तरीही हा लोंढा काही प्रश्न मनात उभे करतो. ही माणसे इतक्या दुरून येथे का येतात? त्यांच्या गावात काम का उरले नाही? ओळखपत्र गळ्यात असलेला तरुण आणि हाती झाडू असलेली स्त्री एकाच डब्यातून उतरतात. मग पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या का होतात? ही फारकत केवळ शिक्षणामुळे होते, की शिक्षण कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, यालाही काही इतिहास आहे? हे प्रश्न शिस्तीने विचारणे आणि त्यांची उत्तरे पुराव्याच्या आधारे शोधणे, हेच समाजशास्त्राचे काम होय.

आज विद्यापीठात कोणता विषय घ्यावा, असा प्रश्न निघाला की समाजशास्त्राचे नाव फारसे कोणी उत्साहाने घेत नाही. 'त्याने पोट भरते काय?' असे वडीलधारी माणसे विचारतात. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आणि ज्यांनी संसार व नोकरी सांभाळत पुन्हा पुस्तक हाती घेतले, त्यांना तर हा प्रश्न अधिकच टोचतो. प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर देण्याआधी हे शास्त्र नेमके काय देते, ते पाहिले पाहिजे.

मारिकुप्पमकडून येणाऱ्या गाडीपासूनच आरंभ करू. मारिकुप्पम हे कोलार सोन्याच्या खाणींच्या वस्तीतील स्थानक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका ब्रिटिश कंपनीने या खाणी चालविण्यास घेतल्या. पुढे त्या जगातील अतिशय खोल खाणींमध्ये गणल्या गेल्या. जमिनीखाली उतरून सोने काढणारे बहुसंख्य मजूर तमिळभाषक दलित कुटुंबांतील होते. २८ फेब्रुवारी २००१ रोजी या खाणी बंद झाल्या. खाणीच्या आधारावर उभी राहिलेली वस्ती तेथेच राहिली. काम मात्र गेले. तेव्हापासून तेथील हजारो माणसे रोज सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून बेंगळूरुत कामाला येऊ लागली.

एखाद्या माणसाची नोकरी गेली तर ते त्याचे दुर्दैव मानता येईल. त्याच्या सवयी, त्याचे कसब, त्याचे नशीब यांत कारण शोधता येईल. पण एका संपूर्ण वस्तीचे काम एकाच दिवशी जाते, तेव्हा प्रत्येकाचे नशीब एकाच वेळी फिरले, असे म्हणून भागत नाही. तेथे धोरण, भांडवल, जात आणि इतिहास यांचा विचार करावाच लागतो. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच भेद स्पष्ट केला. व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांतील नाते ओळखण्याची दृष्टी, हे समाजशास्त्राचे खरे देणे आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ही दृष्टी आली की माणूस स्वतःला उगाच दोष देत नाही आणि दुसऱ्यालाही उगाच दोष देत नाही. तो कारणे शोधू लागतो.

सामाजिक न्यायाची सुरुवातही येथूनच होते. अन्याय हा जोवर नशिबाचा भाग मानला जातो, तोवर त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. तो माणसांनी केलेल्या व्यवस्थेचा परिणाम आहे, हे कळले की ती व्यवस्था माणसांना बदलताही येते, हे ओघानेच येते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख झाले. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये यांनी त्यानंतर तो विभाग नावारूपाला आणला. इरावती कर्वे, म्हैसूरचे मै. ना. श्रीनिवास आणि अ. र. देसाई हे त्यांचेच विद्यार्थी. परंतु विद्यापीठात या नावाचा विभाग निघण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात समाजाची चिकित्सा सुरू झाली होती, आणि ती न्यायासाठीच सुरू झाली होती.

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारी तिजोरीत जमा होणारा पैसा मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो. शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणून प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. पैसा कोणाकडून येतो आणि लाभ कोणाकडे जातो, हा फुल्यांचा प्रश्न आजही कोणत्याही सरकारी योजनेला विचारता येईल.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली कोल्हापूरचा राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर एकाच जातीचे अधिकारी होते. ही केवळ एक संख्या आहे. परंतु ती डोळ्यांसमोर आल्यावर 'योग्य माणूस मिळत नाही' या सबबीचे खरे स्वरूप उघड होते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. के. आर. पुरम ज्या म्हैसूर संस्थानात मोडत होते, तेथेही नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत १९१८ साली न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. सरकारी नोकरीत सर्व समाजांना पुरेसे स्थान कसे मिळेल, याचा विचार तिने केला. न्यायाच्या बाजूने उभे राहायचे तर आधी मोजावे लागते, हा धडा या दोन संस्थानांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिला.

मोजण्याइतकेच महत्त्वाचे असते ते कारण शोधणे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव रामजी आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. जातीतल्या जातीत विवाह करण्याचे बंधन हाच जातिव्यवस्थेचा गाभा आहे, आणि ते बंधन टिकविण्यासाठी स्त्रियांवर कठोर निर्बंध लादले गेले, असे त्यांनी तर्कशुद्ध रीतीने मांडले. जात आणि स्त्रीची पराधीनता यांची गाठ त्यांनी त्या वयात उकलून दाखविली. या विद्यार्थ्याला परदेशी शिकता आले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीमुळे, हेही विसरता कामा नये. बुद्धी कोणत्याही घरात जन्म घेते. तिला विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मात्र समाजाने घ्यावी लागते.

इरावती कर्वे यांचेही एक काम या संदर्भात आठवण्यासारखे आहे. कोयना धरणामुळे ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. धरणाने वीज दिली, उद्योग वाढले, याचा अभिमान महाराष्ट्राला आहे आणि तो असावाच. पण त्या विजेची किंमत कोणी मोजली, हे विचारणारेही कोणीतरी हवे असते. विकासाच्या जमाखर्चातील खर्चाची बाजू लिहून ठेवणे, हे समाजशास्त्राचे अप्रिय, तरीही अत्यावश्यक असे कर्तव्य आहे.

समाजशास्त्र न्यायाला कसे उपयोगी पडते, हे कळण्यासाठी बेंगळूरुतीलच एक घटना पाहू. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीच्या नियमात बदल केला. नोकरी सुटली तरी मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा तो बदल होता. म्हातारपणाची तरतूद सुरक्षित राहावी, हा हेतू वरवर पाहता चांगलाच होता. तरीही १८ आणि १९ एप्रिल रोजी बेंगळूरुतील तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. होसूर रस्त्यासह अनेक मार्ग बंद पडले. बसगाड्या जाळण्याचे प्रकार घडले, लाठ्याही चालल्या. १९ एप्रिल रोजी सरकारने तो बदल मागे घेतला.

या स्त्रियांना स्वतःचे हित कळत नव्हते काय? वरवर पाहणारा तसे म्हणेल. समाजशास्त्राचा विद्यार्थी मात्र त्यांच्या आयुष्याकडे पाहील. शिलाई यंत्रावर दिवसभर वाकून, तासाला ठरलेले नग पुरे करीत, अठ्ठावन्न वर्षांपर्यंत टिकणारी कामगार स्त्री विरळाच. बाळंतपण, आजारपण, घरातील म्हाताऱ्यांची शुश्रूषा किंवा शरीराचा थकवा यांपैकी कोणत्या ना कोणत्या कारणाने काम सुटतेच. ते सुटले की हाती येणारी निधीची रक्कम हीच तिच्या हक्काची एकमेव मोठी रक्कम असते. मुलीचे लग्न, मुलाची फी, सावकाराचे कर्ज यांचा हिशेब तिने त्या रकमेवर मांडलेला असतो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साठाव्या वर्षी निवृत्त होणारा कायम नोकरीतील माणूस होता. नियम लागू झाला तो या स्त्रीला. तिच्या संसाराची ओळख असलेला एखादा अभ्यासक त्या बैठकीत असता, तर कदाचित हा प्रसंगच ओढवला नसता. अज्ञानातून झालेला अन्याय हाही अन्यायच असतो, आणि असे अज्ञान दूर करणे हे अभ्यासानेच साधते.

अर्थात समाजशास्त्रज्ञ चुकत नाहीत, असे मुळीच नाही. के. आर. पुरमच्या शेजारी दूरवाणीनगर आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्याभोवती ते वसले. कायम नोकरी, ठरलेला पगार, संघटना, वसाहत अशी सुरक्षितता लाभलेला कामगार अशा कारखान्यांत तयार झाला. मार्क होमस्ट्रॉम या अभ्यासकाने बेंगळूरुतील कारखान्यांच्या कामगारांचा अभ्यास करून १९७६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. संघटित क्षेत्र म्हणजे जणू एक किल्ला आहे. तटाच्या आतले सुरक्षित आणि बाहेरचे असुरक्षित, अशी कल्पना त्याने मांडली. पुढे अधिक पाहणी केल्यावर ही तटबंदीची कल्पना पुरेशी खरी नाही, असे त्याला दिसून आले. आतले आणि बाहेरचे असा सरळ भेद नसून, डोंगराच्या उतारावर माणसे वरखाली विखुरलेली असावीत, तशी ही विषमता आहे, असे त्याने १९८४ च्या ग्रंथात म्हटले. आपलेच म्हणणे आपणच तपासून दुरुस्त करणे, ही शास्त्राची खूण आहे.

मै. ना. श्रीनिवास यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९७२ साली ते बेंगळूरुत नव्याने स्थापन झालेल्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेत आले आणि १९९९ साली याच नगरात त्यांचे निधन झाले. १९४८ साली त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला. त्यासाठी तयार केलेली टिपणे १९७० साली अमेरिकेत आगीत नष्ट झाली. तेव्हा प्रामुख्याने स्मरणाच्या आधारे त्यांनी त्या खेड्याविषयी ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली प्रकाशित झाला. तो मोठा ग्रंथ आहेच. परंतु उच्च जातीत जन्मलेला आणि गावच्या मुखियाच्या आश्रयाने राहिलेला माणूस गाव पाहतो, तेव्हा ते प्रामुख्याने वरच्या बाजूने पाहतो. ही मर्यादा स्वतः श्रीनिवासांनीही मान्य केली होती. त्याच गावातील दलित वस्तीत जन्मलेल्या एखाद्या मुलीने ग्रंथ लिहिला असता, तर गाव तेच राहिले असते. चित्र मात्र वेगळे दिसले असते.

येथे या शास्त्राच्या एका मोठ्या उणिवेकडे लक्ष वेधले पाहिजे. ज्यांचा अभ्यास होतो, ते अभ्यासक होत नाहीत. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका लेखात भारतातील समाजविज्ञानांना हाच सवाल केला. सिद्धांत मांडण्याचे काम काहींकडे आणि माहिती गोळा करण्याचे काम इतरांकडे, अशी जातीसारखीच उतरंड या विद्यांमध्येही आहे, असे त्यांनी परखडपणे सांगितले. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना ज्ञानाचा आधार मानून अभ्यासाची एक नवी वाट दाखविली. तरीही ही उतरंड अजून मोडलेली नाही. चांगली पुस्तके इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, प्रबंधही इंग्रजीत, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. रेल्वेतून उतरणाऱ्या कामगारावर प्रबंध लिहिला जातो, पण तो त्या कामगाराला वाचता येत नाही, आणि बहुधा त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही. न्यायाविषयीचे ज्ञान असे एका वर्गाच्या कपाटात बंद राहणे, हाही अन्यायाचाच एक प्रकार नव्हे काय?

म्हणूनच प्रौढ वयात शिकणाऱ्यांनी या विषयाकडे वळणे महत्त्वाचे ठरते. ज्या स्त्रीने कारखान्यात दहा वर्षे काम केले आहे, ज्या तरुणाने ऊसतोडणीसाठी आईवडिलांसोबत जावे लागल्यामुळे शाळा सोडली आहे, त्यांच्याजवळ जे आहे ते ग्रंथालयात मिळत नाही. मात्र अनुभव ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. आपल्यावर जे बेतले ते सर्वांवरच बेतत असेल, असे गृहीत धरणे चुकीचे असते. आपल्या अनुभवापलीकडे जाऊन दुसऱ्याचे ऐकणे, नोंदी ठेवणे, तुलना करणे, आकडे तपासणे आणि आपल्याला न पटणारा पुरावाही मान्य करणे, हे शिकावे लागते. ते शिकविण्यासाठीच विद्यापीठ असते.

काही जण असाही आक्षेप घेतात की, सामाजिक न्याय हे ध्येय ठरवून अभ्यास केला तर निष्कर्ष आधीच ठरून जातो. मग ते शास्त्र कसले? या आक्षेपात तथ्य आहे. केवळ घोषणांना पुरावे चिकटविणे म्हणजे अभ्यास नव्हे. परंतु वैद्यकशास्त्राचे ध्येय रोग बरा करणे हे असते, म्हणून वैद्याने रोगाचे निदान खोटे करावे असे ठरत नाही. उलट, रोगी बरा व्हावा असे ज्याला मनापासून वाटते, तो निदानात अधिक काटेकोर असतो. न्यायाची तळमळ प्रश्न निवडण्यात दिसावी. उत्तर शोधताना मात्र सत्याशीच बांधिलकी असावी. तळमळीवाचून केलेला अभ्यास कोरडा राहतो आणि अभ्यासावाचून असलेली तळमळ दिशाहीन होते.

या दोहोंचा मेळ कसा असतो, याचे उदाहरण पुन्हा कोलारच्या खाणींच्या वस्तीतच सापडते. बेझवाडा विल्सन यांचा जन्म १९६६ साली तेथील सफाई कामगार कुटुंबात झाला. मानवी मैला हाताने उचलण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारले गेले, त्या लोकांतील ते एक. त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली, तीही हैदराबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने चालणाऱ्या मुक्त विद्यापीठातून. ही प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला होता. तरी ती आपल्याकडे नाहीच, असे सांगून अनेक सरकारी यंत्रणा हात झटकत होत्या. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी जाऊन कोरड्या संडासांची आणि तेथे काम करणाऱ्या माणसांची नोंद केली, छायाचित्रे घेतली आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि १९९३ पासून गटारात उतरून मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख करण्यात आली. २०१६ साली विल्सन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'प्रथा नाही' या सरकारी वाक्याला त्यांच्या नोंदवहीने उत्तर दिले. गटारातील मृत्यू अजूनही थांबलेले नाहीत, हे मात्र लज्जास्पद वास्तव आहे. नोंद ठेवणाऱ्यांची गरज म्हणूनच संपलेली नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. समाजशास्त्राने पोट भरते काय? केवळ या पदवीच्या बळावर लगेच मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, असे सांगणे फसवणुकीचे होईल. पण शिक्षक, सामाजिक कार्यकर्ता, पाहणी करणाऱ्या संस्थेतील अन्वेषक, पत्रकार, ग्रामविकास अथवा समाजकल्याण खात्यातील कर्मचारी अशी कामे या विषयाच्या अभ्यासकाला जवळची आहेत. स्पर्धापरीक्षांतही त्याचा उपयोग होतो. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर सर्व जातींची अशी देशव्यापी मोजणी जनगणनेत झालेली नाही. तिच्यातून जी माहिती हाती येईल, तिचा अर्थ लावण्यासाठी, तिचा गैरवापर ओळखण्यासाठी जाणकार माणसे गावोगावी लागणार आहेत.

ज्याला घर चालवायचे आहे, त्याने नोकरी सोडून विद्यापीठात जावे, असेही नाही. मुक्त शाळेच्या उच्च माध्यमिक स्तरावर समाजशास्त्र हा विषय घेता येतो. पुढे १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे, नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, म्हैसूरला १९९६ पासून कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ आहे. विषय निवडण्यापूर्वी कोणत्या विद्यापीठात तो कोणत्या भाषेत शिकविला जातो, याची चौकशी अवश्य करावी. पोटाचा विचार करून दुसरा विषय घेणाऱ्याला कमी लेखण्याचेही कारण नाही. मात्र 'हा विषय आपल्यासारख्यांचा नाही', या समजुतीने जर कोणी तो सोडत असेल, तर ती समजूत खोडून काढली पाहिजे. हा विषय सर्वांत आधी त्यांचाच आहे.

विद्यापीठांनीही आपले वर्तन बदलले पाहिजे. या विषयाची उत्तम पुस्तके मराठी, कन्नड अशा भाषांत व्हावीत. विद्यार्थ्याला पाहणीसाठी दूर पाठविण्याआधी त्याच्या वस्तीतील शाळा, रेशनचे दुकान, पाण्याचा नळ, नाक्यावरचे मजूर यांचा अभ्यास करू द्यावा. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांच्यापुढे निष्कर्ष वाचून दाखवावेत आणि 'हे चुकले' असे म्हणण्याचा अधिकार त्यांना द्यावा. कष्टकऱ्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी. असे झाले तर समाजशास्त्र हे समाजाविषयीचे शास्त्र न राहता समाजाचे शास्त्र होईल.

के. आर. पुरमच्या स्थानकावर उद्याही गाड्या येतील आणि माणसे उतरतील. रुळांवरून जाणाऱ्या, तारांनी तोललेल्या त्या पुलावरून मोटारी धावतील. २०२३ साली येथवर आलेल्या मेट्रोतूनही हजारो लोक प्रवास करतील. त्या गर्दीत एखादी कामगार स्त्री असेल; तिच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी एखादे पाठ्यपुस्तक असेल. आजवर तिच्याविषयी इतरांनी लिहिले. तिने आपल्या डब्यातील सहप्रवाशांविषयी, त्यांच्या मजुरीविषयी, त्यांच्या बंद पडलेल्या खाणीविषयी शोधून, तपासून, पुराव्यानिशी लिहावे. त्या लेखनाची वाट हा देश फार दिवसांपासून पाहत आहे.